खोगीर, मोट आणि जॅकेट : कातड्याच्या जाडीचा एक लांबलेला धागा

आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्याची सुरुवात कोणत्याही बखरीतून नव्हे, तर माझ्या उजव्या कोपरापासून होते.

मागच्या पावसाळ्यात माणकोलीच्या अलीकडे, गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरच्या मागे ब्रेक दाबला आणि मोटरसायकल आडवी झाली. वेग फार नव्हता, चाळीसच्या आसपास असावा. अंगात जॅकेट होते. ‘अस्सल लेदर’ म्हणून मागवलेले, दिसायला देखणे, हाताला भरीव. रस्त्याने त्याचे कोपर पहिल्याच झटक्यात उघडले आणि त्यानंतर माझे. घरी आल्यावर शेजारच्या चाचांनी ते जॅकेट हातात घेतले. त्यांचे सगळे आयुष्य भिवंडीच्या यंत्रमागावर गेले आहे. फाटलेली कड त्यांनी उजेडाकडे धरली, नखाने दोन सुते ओढून काढली आणि म्हणाले, “बेटा, हे तर आमच्याच मागावरचं कापड. वर नुसता रंग थापलाय. ताणा-बाणा मोजून देऊ?”

इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी चपराक नाही. बनावट सनद ओळखायला आम्ही शाईचा रंग, शिक्का आणि मायना तपासतो. आणि अंगावरच्या कोटाची पाठ मात्र मी एकदाही उलटून पाहिली नव्हती.

जखम भरेपर्यंत महिनाभर घरी बसावे लागले. त्या दिवसांत तुमच्यापैकी अनेकांनी विचारलेला प्रश्न मी मनाशी घोळवत होतो : गाडीसाठी कोणते लेदर घ्यावे, किती जाडीचे? त्याचे उत्तर एका ओळीत देता येते. पण आपल्या मुलखात ते उत्तर ज्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते, त्यांच्याकडून ते कधी लिहून घेतले गेले नाही. म्हणून हा धागा.

आधी स्वार पाहू. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली. हा मुलूख घोड्याच्या टापांना नवा नव्हता. पण त्या काळचा दख्खनी स्वार डोळ्यांपुढे आणताना आपण चित्रपटांतला चामडी चिलखत घातलेला वीर आणतो, तो बहुतांशी युरोपातून उसना आणलेला आहे. आपल्या हवेत अंगभर चामडे घालून दिवसभर दौड करणे म्हणजे स्वतःलाच उकडून काढणे. इथला स्वार अंगावर कापूस घालत असे. रुईभरला, दाट टाचलेला अंगरखा तलवारीचा वार बऱ्यापैकी अडवतो आणि घामही शोषतो. लोखंडी कडी-चिलखत सरदारांना परवडे. घोड्याच्या पाठीवरचे खोगीरही आत भरणी घातलेले असे. त्या भरणीवरूनच ‘खोगीरभरती’ हा शब्द आला आणि आज तो आपण निरुपयोगी माणसांसाठी वापरतो. खोगिरावर बसून चाळीस कोस गेलेल्या माणसाला विचारले असते, तर त्याने ती भरती निरुपयोगी म्हटली नसती. मोटरसायकलच्या जॅकेटमध्येही कोपरा-खांद्यांत बसवलेली भरणीच हाड वाचवते, हे पुढे येईलच.

मग चामडे कुठे होते? ढालीत, म्यानात, रिकिबीच्या वाद्यांत, लगामात, पायात. म्हणजे जिथे ताण होता, घर्षण होते किंवा थेट आघात होता तिथेच. म्हशीच्या कातड्याची ढाल आणि त्याहून मोलाची गेंड्याच्या कातड्याची ढाल संग्रहालयांत आजही पाहायला मिळते. ‘गेंड्याच्या कातडीचा’ हा शब्दप्रयोग आपण राजकारण्यांवर खर्च करतो, तो असो.

कातड्याची निवड मात्र या युद्धसामग्रीपेक्षा गावच्या विहिरीवर अधिक बारकाईने होत असे. मोट ज्यांनी पाहिली ती पिढी आता संपत आली, म्हणून थोडे सांगतो. विहिरीतून पाणी काढण्याची ती चामड्याची प्रचंड पिशवी. खालच्या टोकाला सोंड, मोटेला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते, सोंदूर सैल पडतो आणि पाणी थारोळ्यात ओतले जाते. या एका वस्तूत कातड्याचे दोन स्वभाव लागतात. मोटेचे अंग जाड आणि ताणाला न डगमगणारे हवे; सोंड मऊ हवी, नाहीतर ती दुमडणार नाही. मोट घडवणाऱ्याला एकाच जनावराच्या कातड्याचा कोणता भाग कुठे लावायचा हे ठाऊक असावे लागे. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट, तंतू दाट. पोटाकडचा भाग पातळ, ढिला, ओढला की लांबणारा. आज लंडन-मिलानमधला उत्तम कारागीर जॅकेटची पाठ आणि कोपर पुठ्ठ्याच्या भागातून कापतो आणि पोटाचा तुकडा काखेसारख्या कमी धोक्याच्या जागी लावतो, तेव्हा तो नेमके हेच करत असतो.

तबल्याकडे पाहा. पुडीला शेळीचे पातळ, एकसारखे कातडे. ताण धरणाऱ्या वादीला म्हशीचे. त्यांची अदलाबदल केली तर वाद्य बोलणार नाही. कोणते कातडे, किती जाड, कशासाठी, या प्रश्नाची इतकी नेमकी उत्तरे ज्या समाजाच्या हातात होती, त्या समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महारांवर लादलेले, कातडे कमावणे ढोरांकडे, त्यातून वस्तू घडवणे चांभारांकडे, दोरांचे आणि काही भागांत चामड्याचेही काम मांगांकडे. बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत चांभार आहे. शेतकऱ्याचे पीक मोटेवर उभे होते, तरी मोट शिवणाऱ्याला त्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचा आग्रह धरला. त्यामागे केवळ स्वच्छतेचा विचार नव्हता. कातड्याच्या या साखळीची पहिली कडी सक्तीची होती, हे त्यामागचे कारण होते. ‘माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायात घातले तरी उपकार फिटणार नाहीत’ असे आपण सहज म्हणतो. ते जोडे शिवणार कोण, हे त्या वाक्यात येत नाही.

याच संदर्भात एक नाव सांगितल्यावाचून राहवत नाही : पळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला हा फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. पुण्यात मैदानावर त्याच्या हातून सुटलेला चामड्याचा चेंडू सगळ्यांना चालत असे; चहा मात्र त्याला तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे.

आता कमावण्याकडे येऊ, कारण जाडीचा प्रश्न तिथेच सुरू होतो. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजते. चुन्यात भिजवून केस काढायचे, मांस खरवडायचे आणि मग झाडाच्या कषायाने त्यातले प्रथिन बांधून टाकायचे. आपल्याकडे हा कषाय बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा. कोल्हापुरी चपलांच्या पट्ट्यात कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात साल-हिरड्याचे पाणी भरून ती टांगून ठेवण्याची रीत आहे. पाणी झिरपते आणि कातडे आतून पिकते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. सह्याद्रीचा हिरडा तर युरोपातल्या टॅनरींपर्यंत पोचला होता. ‘वेंगुर्ला’ हे तिथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी हिरड्याच्या एका प्रतीचे नाव होते. मालवणी मित्रांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

सालीने कमावलेले चामडे कणखर असते, आकार धरून ठेवते, पण जाड राहते आणि वाकायला वेळ घेते. तळव्यासाठी उत्तम, बाहीसाठी अवघड. हे गणित बदलले क्रोमियमच्या क्षारांनी. अमेरिकेत १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने त्याचे पेटंट घेतले. या पद्धतीने महिन्यांचे काम दिवसांवर आले, चामडे मऊ झाले, पातळ कापले तरी टिकू लागले आणि उष्णतेला व पाण्याला अधिक दाद देईनासे झाले. भारतात ही पद्धत रुजवण्यात मद्रासच्या आल्फ्रेड चॅटर्टनचा मोठा वाटा. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याने प्रयोग सुरू केले, आणि त्यामागचा एक हेतू वाचून मी थबकलो : त्याला विहिरीच्या मोटेसाठी पाण्यात न कुजणारे चामडे हवे होते. म्हणजे आज तुमच्या जॅकेटला मऊपणा देणारे रसायन आपल्या देशात आले ते काही अंशी मोटेच्या निमित्ताने! चेन्नईतले क्रोमपेट हे उपनगर आजही क्रोम लेदर कंपनीचे नाव अंगावर वागवते आहे.

मुंबईत या धंद्याचे केंद्र धारावी. तिथे सर आदमजी पीरभॉय यांचा मोठा चामडे-कारखाना होता. सैन्याला बूट आणि सामान पुरवून त्यांनी संपत्ती उभी केली. नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे बांधणारे घराणे तेच. पहिल्या महायुद्धात भारतातले अर्धवट कमावलेले गाईचे हलके चामडे, व्यापारी भाषेत ‘ईस्ट इंडिया किप्स’, ब्रिटिश सैनिकांच्या बुटांच्या वरच्या भागासाठी इतके लागले की सरकारने त्याचा व्यवहारच नियंत्रणाखाली घेतला. फ्रान्सच्या चिखलात चालणाऱ्या बुटांत आपल्या हडकुळ्या बैल-गाईंची कातडी होती. त्या कातडीला मागणी का, तर जनावर लहान, त्यामुळे कातडे मुळातच पातळ. ते चिरून बारीक करावे लागत नाही आणि तंतू अखंड राहतात. हा मुद्दा लक्षात ठेवा.

याच युद्धात मोटरसायकलवरचे निरोपे धावू लागले आणि वैमानिकांचे चामडी कोटही रूढ झाले. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या अर्विंग शॉटने खास मोटरसायकलस्वारांसाठी तिरप्या झिपचे जॅकेट काढले. आपल्या आवडत्या सिगारच्या नावावरून त्याचे नाव ठेवले ‘परफेक्टो’. ते घोड्याच्या कातड्याचे होते. १९५० मध्ये ब्रिटिश शर्यतपटू जेफ ड्यूकने आपल्या गावच्या शिंप्याकडून अंगाला चिकटून बसणारा एकसंध चामडी पोशाख शिवून घेतला, हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून. आणि १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोने ‘द वाइल्ड वन’मध्ये तसले जॅकेट घातले. इथून त्या कपड्याच्या दोन वाटा झाल्या. एक रस्त्याची, दुसरी आरशाची. बाजारात आज या दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या असतात आणि माझ्यासारखी माणसे फसतात ती तिथेच.

तर आता मूळ प्रश्न.

म्हशीचे कच्चे कातडे चार-पाच मिलिमीटर आणि त्याहूनही जाड असते. सुतारी मापात एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिमी, तेव्हा दीड सुताच्या आसपास. तसे कुणी अंगात घालू शकत नाही. म्हणून ते यंत्रावर आडवे चिरतात. वरचा, केसांकडचा थर घट्ट विणीचा. त्याला फुल ग्रेन म्हणतात. खालचा थर म्हणजे स्प्लिट, त्याचेच घासून स्वेड करतात. स्प्लिटवर प्लास्टिकचा लेप आणि खोटा दाणा उमटवून तो ‘अस्सल लेदर’ म्हणून विकता येतो, आणि ते खोटेही नसते! फक्त वरचा घट्ट थर त्यात नसतो. त्याहून खाली चामड्याचा भुसा गोंदाने थापून केलेले ‘बाँडेड’, आणि सगळ्यांत खाली माझे रेक्झिन. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या कृत्रिम चामड्याचे नाव. कंपनी विसरली गेली, शब्द आपल्या रिक्षांच्या सीटवर राहिला.

मेंढीचे चामडे सर्वांत मऊ. दुकानातली बहुतेक शोभेची जॅकेटे ०.६ ते ०.९ मिमीच्या मेंढीची असतात. मेंढीच्या कातड्यात वरचा थर आणि खालचा थर यांच्यामध्ये चरबीचा पोकळ पट्टा असतो; ती गेल्यावर दोन्ही थर एकमेकांना धड धरत नाहीत. डांबरावर ते सोलून निघते. शेळीचे उलट. पातळ असूनही दाट, ओढायला चिवट. १ मिमीच्या आसपासचे चांगले शेळीचे चामडे गाडीवर चालते आणि अंगाला जड होत नाही. गाईचे १.२ ते १.४ मिमी हे जगभर रस्त्यावरच्या जॅकेटांचे रूढ माप. अमेरिकन विक्रेते ‘औंस’ सांगतात; एक औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी, तेव्हा ३ औंस म्हणजे १.२ मिमी. म्हशीचे चामडे त्याच जाडीला जरा भरड, जड आणि सुरकुतलेल्या दाण्याचे. ते जास्त चिरावे लागते, म्हणून बळ थोडे घटते. किप्सचा मुद्दा आठवला? मुळात पातळ कातडे आणि चिरून पातळ केलेले कातडे यांच्या मापाचा आकडा एकच असू शकतो, ताकद एक नसते. शर्यतपटू कांगारूचे चामडे वापरतात. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर असल्याने ते १ मिमीच्या आतही विलक्षण टिकते. भिवंडीत बसून त्याचा विचार करू नये, खिसा फाटेल.

पण नुसत्या जाडीच्या मागे लागणे म्हणजे दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ताशी ५० किमी वेगाने घसरलेला माणूस थांबायला दोन-तीन सेकंद घेतो. ८० ला जवळपास चार. ब्रिटनमध्ये डॉ. रॉडरिक वूड्स यांनी केंब्रिजला घासणीचे यंत्र उभारले. सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर कपड्याचा तुकडा टेकवायचा आणि भोक पडेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्यातून आलेल्या युरोपीय मानकात कोपर, खांदा, गुडघा या जागांना खालच्या पातळीसाठी ४ सेकंद, वरच्या पातळीसाठी ७ सेकंद लागत. २०२० पासून तिथे नवे मानक आहे. त्यात एएए, एए, ए अशा प्रती लावतात. या चाचण्यांत शिवणीचीही परीक्षा होते, कारण चामडे शाबूत राहून शिवण उसवली तर उपयोग शून्य. धोक्याच्या जागी दुहेरी-तिहेरी शिवण आहे का, आणि त्यातली एक ओळ आत झाकलेली आहे का, हे पाहा. बाहेरून दिसणारा दोरा रस्ता सर्वांत आधी खातो. मग भरणी. खोगीरभरती म्हणा हवे तर, पण ती नसेल तर उत्तम चामड्याखालीही हाड मोडते.

आपल्या राज्यात काय मिळते, हे कायद्यानेही ठरते. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होती. २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. म्हैस बाहेर राहिली. धारावीच्या जुन्या टॅनरीही आता जवळजवळ सगळ्या हटल्या आहेत. तिथे शिवले जाणारे चामडे चेन्नई, कानपूर, कोलकात्याकडून तयार होऊन येते. तेव्हा इथल्या कारागिराकडून शिवून घ्यायचे तर शेळी आणि म्हैस हेच व्यवहार्य पर्याय आहेत, असे माझे मत झाले आहे. शिवाय आपली हवा. कामवारीच्या काठच्या पावसाळ्यात कपाटातल्या चामड्यावर आठवड्यात बुरशी धरते. जून ते सप्टेंबर मी तरी जाड विणीचे जाळीदार कापडी जॅकेटच घालणार. दख्खनी स्वाराने कापूस निवडला होता, तो अडाणीपणाने नव्हे.

गेल्या महिन्यात मी बाजारपेठेतल्या एका वृद्ध चर्मकार काकांकडे शेळीच्या चामड्याचे तीन तुकडे घेऊन गेलो. सोबत मिलिमीटरचा गेजही होता, विद्यार्थीपणाची खूण म्हणून. त्यांनी गेजकडे पाहिलेही नाही. प्रत्येक तुकडा दुमडला, घडीवर अंगठा दाबला, उलट बाजू गालाला लावली. एक तुकडा परत केला : “हा पोटाचा आहे. कोपराला लावू नको.” मी मोजले. तिन्ही तुकडे १.१ मिमी भरले.

मी त्यांना विचारले, हे कुणी शिकवले? वडिलांनी, आणि वडिलांना आजोबांनी. आजोबा गावाकडे मोटा शिवत. कुठे लिहून ठेवले आहे का, असे विचारल्यावर ते हसले आणि रापीला धार लावू लागले. त्यांचा मुलगा गोदामात स्कॅनर घेऊन खोकी मोजतो. माझे जॅकेट त्याच खोक्यांपैकी एकातून आले असणार.

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्या दुकानात वही घेऊन बसणार आहे. त्यांची एकच अट आहे : गेज घरी ठेवून यायचा.